उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असताना ट्रॅक्टर किती वेगानं चालवावा?

आमच्या गावाकडून साखर कारखान्याला जाताना वाटेत एक ओढा लागतो. पूल चांगला आहे, पण दोन्ही बाजूंनी रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. कॉलेजात असताना गळीत हंगामात मी चुलत्यांबरोबर ऊस पोचवायच्या खेपेला जायचो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी मडगार्डवर बसायचो. (ते चूकच होतं, आज माझ्या ट्रॅक्टरवर मी कुणाला तसं बसू देत नाही.) मागे दोन ट्रॉल्या, मोळ्या कचकचून भरलेल्या. उतार अजून पन्नास-साठ मीटर लांब असतानाच, अगदी सपाट रस्त्यावर, आबा ट्रॅक्टर जवळजवळ उभा करायचे, गिअर खाली घ्यायचे आणि मग माणूस चालतो तेवढ्या वेगानं खाली सरकायचे. मागून हॉर्नचा नुसता कालवा. एकदा मी विचारलं, "आबा, उतार अजून लागायचाय की. आत्ताच कशाला?"

"लागल्यावर गिअर पडत नसतोय बाळा," एवढंच ते म्हणाले.

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला स्वतः तीन हंगाम ट्रॅक्टर चालवावा लागला आणि नंतर कागद-पेन्सिल घेऊन थोडं गणितही करावं लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन-दोन ट्रॉल्या दिसू लागतात. चालवणाऱ्यांत विशी-बाविशीची पोरं पुष्कळ असतात. त्यांना ट्रॅक्टर ओढायला कुणीही शिकवतं. थांबवायचा कसा, आणि थांबवता यावा म्हणून मुळात किती वेगानं न्यायचा, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

ओढण्याची ताकद वेगळी, थांबवण्याची वेगळी

पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढतो, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की एवढं ओढणारं यंत्र तेवढं सहज थांबवतही असेल. सगळा घोळ इथेच होतो.

ट्रॅक्टर भार ओढतो तेव्हा मागचा भार त्याला मागे खेचत असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचं वजन मागच्या मोठ्या चाकांवर येतं आणि त्यांची रस्त्यावरची पकड वाढते. चढाला पुढची चाकं उचलतात ती याचमुळे. ब्रेक दाबला की चित्र उलटं होतं. आता ट्रॉल्या मागून ढकलतात. वजन पुढच्या चाकांकडे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेहमीच्या दोन-चाकी ओढीच्या (टू-व्हील ड्राइव्ह) ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना. म्हणजे पकड सगळ्यात जास्त लागते तेव्हाच ती सगळ्यात कमी मिळते.

यात भर म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच ऊस ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॉलीची चाकं मोकळी फिरतात. वीस टन ऊस, ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन आणि ट्रॅक्टर मिळून समजा २५ टन झाले. हे सगळे २५ टन थांबवायचं काम दोन टायरांवर, आणि त्या टायरांवर त्या क्षणी जेमतेम दीड टन वजन. ब्रेक कितीही नवे असोत, लायनर कितीही चांगले असोत, टायर रस्त्याला जेवढा धरतो त्यापेक्षा जास्त जोर ब्रेक लावू शकत नाही. जास्त दाबला तर चाक जाम होऊन घसरतं, बस्स.

आता आकडे. ढोबळ आहेत, तुमच्या ट्रॅक्टरला थोडे कमी-जास्त होतील, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. कोरडा डांबरी रस्ता, सपाट, मागच्या चाकांवर दीड टन, एकूण २५ टन. टायरची पकड आणि चाकांचा मूळचा विरोध मिळून गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी पावणेदोन-दोन किलोमीटरनं कमी होतो. एवढाच. ताशी १८ किलोमीटरनं जात असाल तर थांबायला १० सेकंद आणि २५ मीटर. ताशी २७ असेल तर १५ सेकंद आणि ५६ मीटर. ताशी ३६ असेल तर २० सेकंद आणि १०० मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात ट्रॅक्टर आणखी साडेसात, अकरा आणि पंधरा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे खरी अंतरं ३२, ६७ आणि ११५ मीटर.

वेग दुप्पट केला, पण थांबायचं अंतर जवळजवळ साडेतीनपट झालं. धावत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्याचा हा परिणाम. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं बघा. २५ टनांची जोडी ताशी १८ किलोमीटरनं जाते तेव्हा तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी सव्वा टनाच्या आसपास वजनाच्या मोटारीत यायला ती मोटार ताशी ८० किलोमीटरनं पळावी लागते. आणि तुम्ही ताशी ३६ नं निघालात तर हिशोब होतो ताशी १६० किलोमीटरच्या मोटारीचा. सीटवर बसून वाटतं की आपण हळूच चाललोय, सायकलवाला सुद्धा बरोबरीनं येतोय. ते हळू वाटणं फसवं आहे.

ओढ्याचा उतार

सपाट रस्त्याचं गणित इतकं नाजूक असेल तर उताराला काय होत असेल? शंभर मीटर अंतरात रस्ता दोन मीटर उतरत असेल, म्हणजे डोळ्यांना उतार म्हणून जाणवणारही नाही इतका सौम्य, तरी ताशी १८ वरून थांबायला २५ ऐवजी ४२ मीटर लागतात. ताशी २७ वरून ९४. शंभराला पाच मीटर उतार असेल तर ब्रेकचा सगळा जोर आणि उताराची ओढ जवळजवळ बरोबरीला येतात. तुम्ही ब्रेकवर उभे राहिलात तरी गाडी आहे त्या वेगानं खाली जात राहते. थांबत नाही.

हे मी पुन्हा लिहितो, कारण हे माहीत नसल्यानं माणसं जातात. बिनब्रेकच्या दोन भरल्या ट्रॉल्या मागे असतील, तर साधारण शंभराला पाच मीटरच्या उतारावर ट्रॅक्टर थांबवता येईल याची कसलीही खात्री नाही. रस्ता ओला असेल, त्यावर पाचट किंवा चिखल पडला असेल, तर याहून सौम्य उतारावरही तीच गत.

म्हणून उतारावरचा वेग उतारावर ठरवता येत नाही, तो वरच ठरवून घ्यावा लागतो. आबा म्हणायचे ते हेच. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मोटारीसारखा चालता-चालता भाराखाली खाली घेता येत नाही. उतारात क्लच दाबून गिअर काढला आणि पुढचा पडला नाही, की मध्येच न्यूट्रल. तेवढ्यात मागचे टन तुम्हाला ढकलायला लागतात, वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगाला खालचा गिअर आणखीच पडत नाही. इंजिनाचा अडसर गेलेला, ब्रेक तापलेले. डिझेल वाचवायला उतारावर मुद्दाम न्यूट्रल मारणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. वाचतं किती, तर कपभर डिझेल.

इंजिनाच्या अडसराबद्दल एक गैरसमजही काढून टाकायला हवा. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला रोखतं हे खरं, पण तेही त्याच मागच्या दोन चाकांतून. टायरची पकड एकच आहे. ब्रेक आणि इंजिन तीच वाटून घेतात. गिअरचा खरा फायदा असा की वेग वाढूच दिला जात नाही, ब्रेक गार राहतात आणि तुम्हाला ते शेवटच्या क्षणासाठी शिल्लक मिळतात. मुळात वेग कमी घेऊन उतरलात तरच हा फायदा मिळतो. वेगात उतरून मग गिअरकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

चंदगड, आजरा, पन्हाळा, शाहूवाडी या भागांत असे चढउतार पावलोपावली आहेत. तिकडचे जुने चालक उतार दिसला की बोलायचे थांबतात. चढाबद्दल थोडक्यात: चढ लागणार म्हणून आधीच्या उतारावर भरारी घेऊन जायची सवय पुष्कळांना असते. पुलावर समोरून एखादी म्हैस आली, की त्या भरारीचं काय करणार? चढता येत नसेल तर एक ट्रॉली वर नेऊन ठेवावी आणि दुसरीसाठी परत यावं. अर्धा तास जातो.

दोन ब्रेक, एक पट्टी

ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकची दोन पायडलं असतात, डाव्या चाकाचं एक आणि उजव्याचं एक. शेतात बांधाच्या टोकाला चटकन वळायला एकच दाबतात. रस्त्यावर येताना ही दोन्ही पायडलं मधल्या छोट्या लोखंडी पट्टीनं एकमेकांत अडकवायची असतात.

माझ्या पहिल्या हंगामात मी सकाळी रान नांगरलं आणि दुपारी तोच ट्रॅक्टर ट्रॉल्यांना जोडला. पट्टी लावायची राहिली. गावच्या वेशीजवळ कुत्रं आडवं आलं म्हणून पाय टाकला, तो बहुतेक एकाच पायडलवर पडला. ट्रॅक्टर डावीकडे असा झटकन फिरला की स्टिअरिंग हातातून सुटलं. मागून पहिल्या ट्रॉलीचा धक्का बसला, दांडीचं लोखंड करकरलेलं मला अजून ऐकू येतं. मी ताशी दहाच्याही आत होतो म्हणून ट्रॅक्टर गटारीच्या काठावर उभा राहिला. पंचवीसनं असतो, तर ट्रॉलीनं ट्रॅक्टर आडवा करून त्यावरच चढाई केली असती. ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात तो प्रकार हाच. मागचा भार सरळ रेषेत ढकलतो आहे तोवर ठीक. ट्रॅक्टर जरा तिरका झाला की तोच भार त्याला आणखी तिरका करतो.

तेव्हापासून चावी फिरवण्याआधी मी वाकून ती पट्टी हातानं चाचपतो. नजरेनं नाही, हातानं. चिखलानं माखलेली असली की लागलेली वाटते आणि लागलेली नसते.

परदेशात या प्रश्नाकडे कसं बघतात तेही सांगतो, कारण त्यातून नेमकं मर्म कळतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली ट्रॅक्टरची वेगमर्यादा ताशी २० मैलांवरून २५ मैल केली, म्हणजे साधारण ताशी ४० किलोमीटर, आणि ट्रॅक्टर-ट्रेलरच्या जोडीचं कमाल वजन ३१ टन केलं. आकडा वाचून वाटेल, बघा, तिथे चालतं की ४०! पण तिथे असा मोठा ट्रेलर स्वतःच्या ब्रेकसह येतो, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या एका पायाबरोबर ट्रेलरची चाकंही धरतात. भार ज्या चाकांवर आहे तीच चाकं त्याला थांबवतात. कॅलिफोर्नियात राहणारे आपले लोक सुट्टीत घरासारखा कॅराव्हान मोटारीला जोडून फिरतात. तिथेही ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मर्यादा ताशी ५५ मैलांची आहे, रस्ता कितीही मोकळा असो. ट्रेलरला ब्रेक असूनही ते वेग कमी ठेवतात. आपल्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत. मग आपला आकडा त्यांच्या आसपासही असू शकत नाही.

नवीन ट्रॉली बांधून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: रंग, नक्षी, मागच्या फळीवरचं नाव यांच्याआधी ब्रेकची चौकशी करा.

वळण, साइडपट्टी आणि मागची ट्रॉली

उसाची ट्रॉली पडते ती बहुतेक वेळा वजनानं नव्हे, उंचीनं. मोळ्या रचत रचत भार इतका वर जातो की त्याचा तोल जमिनीपासून दोन मीटरवर असतो, आणि चाकांमधलं अंतर मात्र दीड-पावणेदोन मीटर. अशी वस्तू आडव्या जोराला फार लवकर झुकते. गावातल्या चौकात मिळतं तसं साधारण पंधरा मीटर त्रिज्येचं वळण धरा. टायरांचं दबणं आणि भाराचं झुकणं धरून, माझ्या हिशोबानं तिथे ताशी २४ च्या आसपास ट्रॉलीचं आतलं चाक उचलायला लागतं. रस्ता बाहेरच्या बाजूला दहाला एक इतका जरी कललेला असेल, तर तेच ताशी १९-२० ला होतं. मोळ्या एका बाजूला सरकल्या असतील, एका टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्याहूनही आधी. आणि आतलं चाक उचललेलं चालकाला दिसत नाही, कारण ते मागच्या ट्रॉलीचं असतं.

त्या मागच्या ट्रॉलीचं वागणं समजून घेतलं पाहिजे. सावकाश वळलात तर ती आतून जाते: पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या आत, दुसरी पहिलीच्याही आत. कोपऱ्यावर उभा असलेला मोटारसायकलवाला ट्रॅक्टर गेला म्हणून निर्धास्त होतो आणि शेवटची ट्रॉली त्याच्या अंगावर येते. वेगात असताना झटकन स्टिअरिंग हलवलंत, खड्डा चुकवायला म्हणा, तर उलटं होतं. चाबकाचं टोक जसं मुठीपेक्षा जोरात फिरतं, तसा तुमचा हातभर हिसका मागच्या ट्रॉलीपर्यंत पोचताना वाढलेला असतो. ट्रॅक्टर खड्ड्याच्या बाजूनं छान निघून जातो आणि मागची ट्रॉली पडते. त्यामुळे वेग एवढाच ठेवावा की खड्डा दिसल्यावर तो न चुकवता हळू होऊन त्यातून जाता येईल.

मागचे लोक "साइड दे, साइड दे" करतात, तेव्हाचा प्रसंग जास्त धोक्याचा. डांबर आणि साइडपट्टी यांत बऱ्याच ठिकाणी वीतभर खाच असते. डावी चाकं खाली उतरली की भार कलतो, माती मऊ असेल तर चाक रुततं. साइड द्यावीच, मागे आठ-दहा गाड्या साचल्या की कुणीतरी चुकीच्या जागी ओव्हरटेक करणारच. पण द्यायची ती रुंद, पक्क्या जागी, जवळजवळ थांबून. चालत्या वेगात अर्धी चाकं खाली घालून नाही.

कधीकधी सरळ रस्त्यावरच ट्रॉली डुलायला लागते. ट्रॉली जोडायच्या हुकातली पिन झिजून भोक मोठं झालेलं असतं, किंवा मोळ्या मागच्या टोकाला जास्त भरलेल्या असतात. अमुक वेगाला डुलणं सुरू होतं आणि त्याच्या खाली आपोआप बंद पडतं, हे कुठलाही जुना चालक सांगेल. डुलायला लागली की ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगनं तिला सरळ करायला जाऊ नका. थ्रॉटल हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. आणि ज्या वेगाला ती डुलली, त्या खेपेपुरता तो वेग तुमच्यासाठी संपला. त्याच्या बराच खाली राहा आणि पोचल्यावर पिन बघा.

रात्रीचा आकडा

वेगाचा सगळ्यात साधा नियम मी असा धरतो: जेवढं समोर स्पष्ट दिसतंय, तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे. दिवसा सरळ रस्त्यावर शंभर मीटर दिसतं, तिथे ताशी वीस-बावीसला मागे-पुढे भरपूर जागा उरते. रात्री डिपर लाइटमध्ये धड दिसतं ते चाळीस-एक मीटर. वरच्या हिशोबात ३२ मीटर लागतात ते ताशी १८ ला. म्हणजे रात्री, सपाट कोरड्या रस्त्यावर, भरलेल्या दोन ट्रॉल्यांना ताशी १८ च्या वर जागा नाही. धुकं असेल, समोरून येणाऱ्याच्या लाइटनं डोळे दिपले असतील, तर दहा-बारा. रिकामं परत येताना मोह होतो. रिकाम्या ट्रॉल्या उड्या मारतात, त्यांनाही पंचवीसच्या आतच ठेवावं असं माझं मत आहे. जिथे रस्त्यावर याहून कमी मर्यादेची पाटी असेल तिथे अर्थातच पाटी खरी.

कार्तिकीच्या सुमारास पंढरपूरच्या वाटांवर दिंड्या चालत असतात आणि त्याच रस्त्यांवर नुकत्याच सुरू झालेल्या हंगामाच्या खेपा. पहाटेच्या अंधारात पांढरे सदरे दिसतात, पण डोक्यावर घोंगडी घेतलेला वारकरी दिसत नाही. तिथे दहाच्या वर जायचं कारणच नाही.

आणि गाणी. मोठ्या आवाजात स्पीकर लावून चालवणाऱ्यांची मला काळजी वाटते. जागं राहायला लावतात हे मला माहीत आहे, मीही लावायचो. पण मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला, पिन खडखडायला लागली, मागून कुणी जिवाच्या आकांतानं हॉर्न वाजवतोय, हे सगळं आधी कानाला कळतं. झोप अनावर झाली असेल तर गाण्यानं ती जात नाही. ट्रॅक्टर रस्त्याच्या पार बाहेर, पक्क्या जागेवर लावून वीस मिनिटं डोळा लावावा.

पण खेपेचं काय?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देणं योग्य नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता आहे, ऊसतोड टोळीला आगाऊ दिलेली उचल आहे, हंगाम संपायच्या आत सगळं फेडायचंय. वेग वाढवला की खेपा वाढतील असं वाटणं स्वाभाविक आहे.

हिशोब करून बघू. फडापासून कारखाना वीस किलोमीटर. ताशी १८ नं गेलात तर ६७ मिनिटं. ताशी २५ नं गेलात तर ४८. वाचली एकोणीस मिनिटं, तीही सगळा रस्ता मोकळा, सरळ आणि सपाट असेल तर. आता कारखान्याच्या गाडीतळावर उभं राहा. काट्यावर नंबर लागायला, मग गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथे, ट्रॉली रिकामी व्हायला किती तास जातात, हे मी सांगायला नको. फडात मोळ्या भरायला किती वेळ जातो तेही तुम्हाला माहीत आहे. खेपा ठरतात तोडणी, भरणी आणि नंबर यांच्यावर. रस्त्यावर वाचवलेली एकोणीस मिनिटं रांगेत आणखी एकोणीस मिनिटं बसून राहण्यात जातात. उलट एकदा टायर फुटला, धुरा वाकला किंवा ट्रॉली आडवी झाली, तर पुन्हा मोळ्या भरायला टोळी बोलवावी लागते आणि अख्खा दिवस जातो. टायरवरही याचा थेट परिणाम होतो: जास्त भार आणि जास्त वेग एकत्र आले की रबर तापतं. कारखान्यावर थांबलात की चाकाच्या मधल्या तुंब्याला तळहात लावून बघा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग तरी संपत आलंय किंवा वेग तरी जास्त झालाय.

मीटर बंद असेल तर

बऱ्याच ट्रॅक्टरांवर वेगाचा काटा चालत नाही, काहींवर नसतोच. मग १८ म्हणजे किती हे कळायचं कसं? मोबाईलवर वेग दाखवणारी ॲपं आहेत, पण चालवताना मोबाईलकडे बघत बसू नये. त्यापेक्षा एकदा दिवसा, रिकाम्या ट्रॉल्या घेऊन, किलोमीटरच्या दगडांवर वेग मोजून घ्या. राष्ट्रीय महामार्गाला पिवळ्या डोक्याचे, राज्य मार्गाला हिरव्या डोक्याचे दगड असतात. शेजारी बसलेल्याला नाही, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या भावाला घड्याळ द्या. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ४ मिनिटं लागली तर ताशी १५. ३ मिनिटं २० सेकंद लागली तर ताशी १८. बरोबर ३ मिनिटं लागली तर ताशी २०. सव्वादोन मिनिटांच्या आसपास आलात तर २६-२७, म्हणजे भरल्या गाडीला नकोच तो वेग.

कोणता गिअर आणि थ्रॉटल कुठे असताना १८ पडतात ते लक्षात ठेवा. माझ्या ट्रॅक्टरवर थ्रॉटलच्या दांडीशी मी रंगाची खूण केली आहे. रात्री हात तिथेच थांबतो.

मोटारीतून जाणाऱ्यांसाठी

हळू चालणारी ट्रॉली एका बाबतीत धोकादायक असतेच: मागून येणाऱ्याला ती दिसली नाही तर. मागच्या ट्रॉलीच्या पाठीवर रिफ्लेक्टर असतो, पण उसाचे शेंडे त्यावर लोंबतात, चिखल बसतो, तारा तुटून टेललाइट बंद पडतो. म्हणून रिफ्लेक्टर लावलेलं कापड मोळ्यांच्या शेवटच्या टोकाला, शेंड्यांच्याही बाहेर बांधावं आणि दर खेपेला फडक्यानं पुसावं. ही जबाबदारी ट्रॅक्टरवाल्याची, त्यात सबब नाही. रस्त्यात बंद पडला तर दगड लावून निघून जाणं, आणि नंतर ते दगड तिथेच सोडणं, हे तर माणूस मारण्यासारखंच आहे.

मोटारवाल्यानंही एक हिशोब करावा. तुम्ही ताशी ८० नं येताय, समोर ट्रॉली १८ नं. तुमच्यातलं अंतर दर सेकंदाला १७ मीटरनं कमी होतंय. डिपरमध्ये ट्रॉली पन्नास मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंदही नाहीत. दीड सेकंद पाय ब्रेकवर जाण्यात गेला, मग करकचून ब्रेक, आणि सगळं बरोबर जमलं तर तुम्ही तिच्यापासून दोन-तीन मीटरवर तिच्या वेगाला येता. क्षणभर मोबाईलकडे नजर गेली असेल तर येत नाही. तेच ताशी ६० नं असाल तर २७-२८ मीटरांत काम होतं, वीस-बावीस मीटर हातात उरतात. नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या पट्ट्यात, अंधार पडल्यावर साठच्या वर जाऊ नका. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्या आहेत हे धरून चाला. पहिली ओलांडली की पुढे आणखी एक असते, आणि तिच्याही पुढे ट्रॅक्टर. पुलाच्या तोंडाशी, उतारावर, ट्रॅक्टर अगदीच सरपटत असेल तर हॉर्न वाजवू नका. तो चालक त्या क्षणी ब्रेकच्या भरवशावर नाही, गिअरच्या भरवशावर आहे. तुमच्या हॉर्ननं घाबरून त्यानं क्लच दाबला, तर त्याच्या मागचे पंचवीस टन त्याला थांबवता येणार नाहीत.